मिठागरातल्या पायांचा कागद

मित्रांनो, मी एक जुना शोधनिबंध आहे. जुना म्हणजे चारच वर्षांचा, पण त्यातली दोन वर्षं कपाटात काढली की कागदालाही म्हातारपण येतं. माझी पानं नऊ, टाचणी एक आणि कोपऱ्यावर चहाचा डाग. गोष्टीच्या पुस्तकासारखं मला कुणी उशाशी घेत नाही. तरीही आज माझं मन भरून आलं आहे, आणि ज्यांच्यामुळे आलं त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म पेणजवळच्या खाडीकाठच्या मिठागरात झाला. डॉक्टर अनन्या रोज रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला यायच्या आणि तिथून पुढे एका आरोग्य केंद्रात रुग्ण तपासायच्या. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून मिठागरातल्या माणसांचे पाय फाटत, भेगांच्या जखमा होत. लोक त्यांत तंबाखूची राख भरत आणि जखमा आणखी चिघळत. हे सगळं नीट मोजून लिहायचं अनन्यांनी ठरवलं. पहिला पाय पुढे केला काशीबाईंनी. त्यांनी फूटपट्टी लावू दिली, फोटो काढू दिला आणि एकच अट घातली.

"आमचं पाय छापतेस तर छाप. पन छापून झाल्यावर आमालाच दावायचं नाय, असं नको करू गो."

अनन्यांनी शब्द दिला. मग दोन हंगाम त्यांनी एकसष्ट जणांचे पाय तपासले. जे दुपारच्या सुट्टीत पाय गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करत, कामाआधी तेल चोळत आणि राखेला हात लावत नसत, त्यांच्या जखमा लवकर भरत होत्या. माझ्या नऊ इंग्रजी पानांत मुख्य गोष्ट एवढीच आहे, बाकी सगळे तक्ते.

एका नावाजलेल्या शोधपत्रिकेने मला पसंत केलं. अनन्यांचे वडील विष्णु गुरुजी पेढे घेऊन आले. पण पत्रासोबत एक करार होता. माझे सगळे हक्क पत्रिकेचे होणार होते. वाचायचं तर पैसे भरायचे, आणि परवानगीवाचून माझ्या प्रती खुद्द अनन्यांनीही वाटायच्या नाहीत.

"सही करून टाक, बाळ. एवढं मोठं नाव पुन्हा दारात यायचं नाही," गुरुजी म्हणाले.

"आणि काशीबाईंना काय सांगू, बाबा?"

गुरुजींनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा लेकीच्या हातावर ठेवला. अनन्यांनी मला परत मागून घेतलं. आठ महिने खपून त्यांनी मला कुणालाही फुकट वाचता येईल अशा एका खुल्या पत्रिकेत छापून आणलं. नाव लहान होतं, पण दार उघडं होतं. त्या न केलेल्या सहीचे उपकार मी कधी विसरणार नाही.

तेवढ्यात अनन्यांची बदली झाली. निघायच्या गडबडीत त्यांनी माझी एक प्रत गावातल्या आशा आरोग्यसेविका ऋतुजाताई यांच्या हातात दिली. "गावासाठी आहे हं," एवढंच त्या म्हणाल्या.

ऋतुजाताईंचं माहेर पेणचं. वडील दत्तात्रेय यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. तिथे एकदा शेजारच्याने त्यांच्या साच्यावरून गुपचूप दुसरा साचा उतरवला होता. त्यापायी दोन घरं नऊ वर्षं एकमेकांशी बोलली नव्हती. त्यामुळे माझ्या पहिल्या पानाच्या तळाशी गोलातलं ते हक्काचं चिन्ह दिसलं आणि ऋतुजाताईंचे हात थबकले. याची झेरॉक्स म्हणजे दुसऱ्याचा साचा चोरणं, आणि मराठीत उतरवणंही तसंच, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांनी मला लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. इतक्या मायेने मला कुणी कोंडलं नसेल! मी त्यांच्यावर रागावलो नाही. प्रामाणिक माणसावर काय रागवायचं?

पण बाहेर काशीबाईंची सून मनस्वी मिठागरात जाऊ लागली होती. तिच्या टाचेला भेग पडली, तिने राख भरली आणि पंधरा दिवसांत तिला पाय टेकवेना. काशीबाई तणतणत ऋतुजाताईंच्या दारात आल्या.

"त्या डॉक्टरनीनं शबुद दिलेला. कागद कुठं हाय?"

"हाय मावशी, कपाटात हाय. पन त्याची नक्कल काढायची नाय."

"का नाय? पाय माझंच हायत ना त्यात?"

ऋतुजाताईंनी अनन्यांना फोन लावला आणि नक्कल काढली तर चालेल का, असं चाचरत विचारलं. अनन्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, ताई. मी सांगायला हवं होतं. त्या चिन्हाच्या खालची ओळ वाचा."

ऋतुजाताईंनी अडखळत वाचली. कुणीही नक्कल करावी, वाटावी, दुसऱ्या भाषेत न्यावी. मूळ कुणाचं ते सांगावं, परवान्याचा उल्लेख करावा आणि काही बदललं तर तेही लिहावं.

"अगोबाई, म्हणजे बाबांचा ओट्यावरचा साचा!" त्या ओरडल्याच. दत्तात्रेय एक साचा मुद्दाम ओट्यावर ठेवत. ज्याला हवा त्याने न्यावा, हवा तसा रंग द्यावा, फक्त साचा कुणाचा ते विचारणाऱ्याला सांगावं.

त्याच संध्याकाळी ऋतुजाताई मनस्वीच्या पायाशी बसल्या. त्यांनी राख धुऊन काढली आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. आठवडाभरात फोनवर अनन्यांना विचारत विचारत त्यांनी मला गावाच्या बोलीत उतरवलं आणि एका मोठ्या कागदावर मिठागराच्या शेडमध्ये लावलं. हंगाम संपायच्या आत मनस्वी न लंगडता चालू लागली.

कागदाच्या तळाशी काय लिहिलं, ते काशीबाईंनी ऋतुजाताईंकडून वाचून घेतलं. "मूळ लेख डॉक्टर अनन्या यांचा. खुला परवाना. बोलीत उतरवून थोडक्यात केला ऋतुजा यांनी. पाय काशीबाई आणि साठ जणांचे."

"परत वाच गो," काशीबाई म्हणाल्या. ऋतुजाताईंनी परत वाचलं.

मित्रांनो, खारी हवा लागून शेडमधला तो कागद दर दोन महिन्यांनी विरतो, आणि दर वेळी कुणीतरी नवा लिहून लावतं. मला जपायचं असेल तर असंच जपा. कुलपात ठेवू नका. उतरवून घ्या, वाटा, चुरगळलो तरी चालेल. फक्त खालची नावं गाळू नका, कारण त्या पायांवरच मी उभा आहे.