पंचवीस टनांवर थांबलेला काटा

मित्रांनो, मी काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणारं एक जुनं यंत्र आहे. विरारच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिलच्या प्रयोगशाळेत, भिंतीकडेला उभं असतं. ठोकळा माझ्या जबड्यात ठेवायचा आणि हातपंपासारखा दांडा मारत राहायचं. तो किती टनांना फुटला ते माझा काटा दाखवतो. काम दांडगटाचं असलं तरी स्वभावानं मी हळवं आहे.

मी नवं आलं तेव्हा प्राचार्यांनी नारळ फोडला होता. दांडा मारायला मुलांची रांग लागायची. पुढे कुणाला तरी शोध लागला, की मागच्या वर्षीच्या फाइलमधून आकडे उतरवले तर हात मळत नाहीत. तेव्हापासून दर वर्षी माझ्या नावावर पन्नास टन लिहिले जातात. मी जागचं हललेलंसुद्धा नसतं! साठ मुलं माझ्याकडे पाठ करून माझाच आकडा उतरवतात, तेव्हा फार एकटं वाटतं.

अशात एकदा पापडी गावची नॅन्सी नावाची विद्यार्थिनी तीन ठोकळे घेऊन आली. तिच्या घरावर मजला चढत होता. खांब उभे राहिले होते, दुसऱ्या दिवशी स्लॅब भरायचा होता. खांबांसाठी कालवलेल्या मालातूनच तिनं महिन्यापूर्वी हे ठोकळे भरून ठेवले होते. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या आत्माराममामांनी मला तेल घातलं, नॅन्सीनं दांडा मारला. पहिला ठोकळा पंचवीस टनांवरच फुटला. दुसरा तसाच, तिसराही.

"मशीन बिघडलंय," सर लांबूनच म्हणाले. "फाइलमधले पन्नास लिही आणि सबमिट कर."

मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कसं?

"मामा, हे खरंच बिघडलंय का हो?" नॅन्सीनं हळूच विचारलं.

"बिघडायला ते वापरतंय कोण, बाय? दिवाळीत तपासणारा माणूस येऊन गेला. काटा पक्का आहे म्हणाला. तुमच्या मिस्त्रीनंच पाणी जास्त ओतलं असणार."

तिनं तिथूनच फोन लावला. "पप्पा, उद्या स्लॅब भरू नका... हो, माणसं सांगितलीत, माहितीय मला. पण खांब कच्चे आहेत. सर नाही, मशीन सांगतंय!"

मित्रांनो, मामा सोडले तर इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं कुणी बोललं ते तेवढंच. जर्नलमध्येही तिनं पंचवीसच लिहिले. सरांनी त्यावर तांबडी रेघ मारली.

खांब तोडले, पुन्हा भरले. महिन्यानं नॅन्सी नवे ठोकळे घेऊन आली. काटा एक्कावन्नवर थांबला तशी ती हसली आणि ओढणीनं डोळे पुसू लागली. मग माझ्यावरची धूळ झटकून तिनं मला ताडपत्रीत नीट गुंडाळलं आणि वरून सुतळीची घट्ट गाठ मारली. मायेनंच मारली. आता ती पास होऊन नोकरीलाही लागली आहे.

तुमच्याही कॉलेजात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात उभं असेल. त्याला पुसलं नाहीत तरी चालेल. पण एकदा त्याच्यासमोर उभे राहा आणि काटा थांबेल तोच आकडा लिहा. आणि माझ्याकडे आलात, तर आधी ती गाठ सोडा. नॅन्सी गेल्यापासून ती कुणी सोडलेली नाही.