चाकाखालचं लिंबू

बाबाराव निघण्याआधी आपल्या ट्रेलरची तपासणी करत होते, म्हणजे त्याच्या तोंडाला हळद-कुंकू लावत होते. भागीरथा कमरेवर हात ठेवून ते कौतुक बघत उभी होती. तिचा नवरा हेमराज ह्याच ट्रेलरवर ड्रायव्हर. त्याचा डबा द्यायला ती कामठी रोडवरच्या यार्डात आली होती, आणि डबा देऊन गुमान घरी जाणाऱ्यातली ती नव्हे.

गेला आठवडाभर हेमराज घरी एकच रडगाणं गात होता. ब्रेकच्या हवेचा पाइप चिरला आहे, आणि सळया लादून छिंदवाड्याचा घाट पार करायचा आहे. झोपेतसुद्धा तो पाय मारायचा. पण मालक समोर आला की ह्या वाघाची दातखीळ बसायची. शेवटी तिनेच विषय काढला. पाइपातून फुसफुस ऐकू येते, असं तिने सांगितलं, तर बाबाराव म्हणाले, गाडीसुद्धा श्वास घेते, वहिनी.

तपासणीत मात्र कसर नव्हती हो. पुढची लिंबू-मिरची नवी, मागची काळी बाहुली नवी, फळीवर 'शुभ यात्रा' ताज्या रंगात. पाइप तेवढा जुना, पण त्याला कोण बघतं!

यार्डाला फाटकाकडे उतार, म्हणून चाकांना कायम दगड लावलेले असत. ते बाबारावांनी काढायला लावले. चाकाखाली पहिलं लिंबूच यावं, दगड आला तर अपशकुन. इतवारीतून आणलेली टपोरी लिंबं त्यांनी स्वतः वाकून ठेवली. हेमराजला ब्रेक दाबून बसायला सांगितलं आणि ट्रेलरसमोर उभं राहून नारळ उचलला. त्यांच्या पाठीमागे फाटकाशी त्यांची नवी कार, तीही हार घालून तयार.

नारळ वरच राहिला आणि लिंबू फुटलं.

"हेमराज, ब्रेक मार ना गा!"

"मारून राहिलो मालक. लागून नाही राहिला."

एवढ्या वर्षांत मालकासमोर त्याने मांडलेलं हे पहिलंच मत. बाबारावांनी पोटाच्या मानाने फारच चपळ उडी मारली. ट्रेलर सावकाश पुढे गेला, कार फाटकाच्या खांबावर दाबून थांबला. हाच घाट असता तर? भागीरथाला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला. तिने दगड लोटत आणून चाकांना लावले.

बाबारावांनी कारचं कडबोळं पाहिलं, फुटलेलं लिंबू पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी समजावलं की जे संकट यायचं होतं ते कारवर निघून गेलं, आता ट्रेलरवर काही बाकी नाही, हेमराजने खुशाल निघावं. हेमराज मान डोलवायला लागलासुद्धा.

भागीरथाने केबिनचं दुसरं दार उघडलं आणि सीट पदराने पुसली.

"मंग या मालक, बसा. घाट पार होईपर्यंत तुम्ही यांच्या बाजूले बसा. डबा दोघांले पुरते."

बाबारावांनी त्या सीटकडे पाहिलं. मग न फुटलेला नारळ बगलेत धरून त्यांनी फोन काढला आणि पाइप बदलायला मिस्त्रीला बोलावून घेतलं.