तेवीस मुली आणि अकरा भंगार सायकली

नणंद-भावजय एका संस्थेतर्फे तीन आठवड्यांसाठी परदेशी गेल्या, तिथल्या मुलींचं उन्हाळी शिबिर चालवायला. नणंद दवाखान्यात नर्स, वहिनी शाळेत विज्ञान शिकवणारी. तिथल्या भाषेतले दोघींना मिळून चाळीस शब्द येत होते, त्यातले दहा खाण्यापिण्याचे.

शाळेच्या हॉलमध्ये तेरा ते सोळा वर्षांच्या तेवीस मुली हाताची घडी घालून बसलेल्या. कागदी फुलं करायला दिली, तर एरंडेल पाजल्यासारखी तोंडं. दोन दिवस असेच गेले.

"वहिनी, या पोरी आपल्याला पाण्यात बघतायत गं," नणंद म्हणाली.

तिसऱ्या दिवशी वहिनी खडू शोधायला अडगळीच्या खोलीत शिरली आणि एक गंजलेली सायकल ओढत बाहेर आली. "आत अजून दहा आहेत! चला!"

शिपायाकडून पाने, पंप, पाण्याची बादली आली. मुलींनी बाह्या सरसावल्या. ट्यूब बुडवून बुडबुडे शोधता शोधता एक जण किंचाळली: सापडलं पंक्चर! तासाभरात सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे.

वहिनीने पंप उंचावून तिथल्या भाषेत फर्मावलं, "चाकात हवा भरा!"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक मुलगी हसता हसता खाली बसली, पाठोपाठ सगळा हॉल. थोडं इंग्रजी येणाऱ्या चष्मेवालीने डोळे पुसत उलगडा केला. 'हवा' म्हणायला गेलेली वहिनी 'सासू' म्हणाली होती.

"चाकात सासू भरा?" नणंदेने कपाळावर हात मारला. "अगं, ती माझी आई आहे!"

"मग सांग त्यांना, वन्सं, घट्ट भरा म्हणावं. गळायला नकोत!"

हा गोंधळ ऐकून मुख्याध्यापिका आल्या. कडक इस्त्रीचा कोट, त्याहून कडक चेहरा. जमिनीवर चेन, नट, तेलाचे ओघळ. नणंद घाईघाईने फडक्याने तेल पुसायला लागली. तेवढ्यात सगळ्यात उंच मुलगी, जिने तीन दिवसांत चकार शब्द काढला नव्हता, एक लाल सायकल घेऊन बाईंसमोर उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली.

"बसा, मी धरते, म्हणतेय," चष्मेवालीने सांगितलं.

बाई चक्क लाजल्या. छप्पन्न वर्षांत कधी सायकलवर बसल्याच नव्हत्या म्हणे.

मैदानात उंच मुलगी सीट धरून धावली, धावली आणि हात सोडला. बाई सुटल्या! कोट फडफडतोय, मागे तेवीस मुली ओरडतायत, त्यांच्या मागे नणंद एका पायात चप्पल घालून. बाईही मोठमोठ्याने काहीतरी विचारत होत्या.

"काय म्हणतायत?" वहिनीने विचारलं.

"ब्रेक कुठे आहे?" चष्मेवालीने धावता धावता सांगितलं.

वहिनीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ब्रेक तिच्याच मुठीत होता.

सायकल थेट झुडपात घुसली. सगळ्या जागच्या जागी थिजल्या. झुडूप हललं आणि बाई उभ्या राहिल्या. केसांत पानं, बाही फाटलेली, डोळे लकाकणारे.

"पुन्हा!" त्या ओरडल्या.

उरलेल्या दिवसांत अकराही सायकली रस्त्याला लागल्या, ब्रेकसकट. बाई रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर व्हायच्या, आणि मुली त्यांना शिस्तीत रांगेत उभं करायच्या.