जिच्या हौद्यात काही टाकायचं नाही

एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या कामाच्या पिकअपनं मान टाकली. फाटकाच्या बरोब्बर मधोमध टाकली. वर्लिनकाकानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, बॉनेट बंद केलं आणि टोपी काढली. काका टोपी फक्त चर्चमध्ये आणि अंत्यविधीला काढतो, त्यामुळे मी पुढचं काही विचारलं नाही.

दिवस गाई विण्याचे होते. आमच्या नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांवर गवत अजून उगवायचं होतं, म्हणजे सगळा कळप आमच्या तोंडाकडे बघत उभा. रोज सकाळी पेंडीची पोती आणि सुक्या गवताचे गठ्ठे लांबच्या कुरणात न्यायचे, हाच तेव्हाचा धंदा. ट्रॅक्टर होता, पण त्याचं पोट फाडून काकानं आतले अवयव वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. त्यातला एक कुत्र्यानं कुठेतरी नेला होता आणि कुत्रं दाद देत नव्हतं. त्यात रेडिओ सांगत होता की उद्या दुपारपासून बर्फाचं वादळ.

"शेडमध्ये एक गाडी आहे," लव्हॉनकाकू म्हणाली. ती अंडी फेटत होती, फेटतच राहिली.

काकानं कॉफीच्या कपात बघितलं. "ती गाडी नाही."

"चार चाकं आहेत."

"असतील."

"मग काय आहे ती?"

"वडिलांची पिकअप आहे."

"पिकअप कशाला असते, वर्लिन?"

यावर काका उठून बाहेर गेला आणि कुत्र्याची उलटतपासणी घेत बसला.

ती पिकअप अडुसष्ट सालची, फिकट हिरवी. काकाच्या वडिलांनी ती कामालाच घेतली होती. घरी आणली, मागचा हौदा उघडला, आत बघितलं आणि म्हणाले, "आजच शेण कशाला टाकायचं? उद्या टाकू." त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, आणि रोज त्यांना आजच नको वाटायचं. जमिनीबरोबर काकाला तो संकोचही वारशात मिळाला. त्या हौद्यात आजवर काय गेलं, तर लग्नाच्या दिवशी काकू, आणि दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत पुन्हा काकू, खुर्ची टाकून, रस्त्याकडेच्या पोरांवर गोळ्या-चॉकलेटं उधळत.

मिरवणुकीत पुढची जागा कुणाची, हे बंबवाल्यांचा प्रमुख ग्लेंडन ठरवतो. जुन्या गाड्यांवरून तो बोट फिरवतो, बोटाकडे बघतो, आणि जी सगळ्यांत स्वच्छ तिला पुढे काढतो. मला आठवतंय तेव्हापासून पुढे वर्लिनकाका आणि त्याच्यामागे डच ह्रुस्का.

डच आमचा शेजारी, म्हणजे त्याचं घर आमच्या घरातून दिसत नाही. त्याची जुनी पिकअप निळी आहे आणि ती वर्षभर प्लास्टिकच्या कागदात असते. त्याच दिवशी दुपारी तो जर्दाळू भरलेल्या गोड पावांची, कोलाच्यांची, पिशवी घेऊन आला. आमच्याकडे कुणी गेलं की शेजारी खायला घेऊन येतात.

"ऐकलं, तुझी गाडी गेली," डच म्हणाला.

"झोपलीय."

"माझी कामाची दिली असती रे. पण ती आजारी आहे."

खिडकीबाहेर त्याची कामाची पिकअप चालू उभी होती. डच इंजिन कधीच बंद करत नाही. आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं. मग शिष्टाचार म्हणून डचनंही बघितलं.

"ठणठणीत दिसते की," काकू म्हणाली.

"वरून. आतून खचलीय. कामात मन लागत नाही तिचं." त्यानं आपलीच कोलाची घेतली. "तुझी हिरवी काढ ना, वर्लिन. जनावरं काय, चाटतील फार तर."

काका पांढरा पडला. गाई गाडी चाटतात, खरबरीत जिभेनं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ तिला लागलेलं असतं म्हणून. चाटून झालं की तिच्यावर पार्श्वभाग घासतात. आमच्या कामाच्या गाडीला आरसे उरले नव्हते ते यामुळेच.

पण आमच्याकडे माणूस आपली गाडी आजारी आहे म्हणाला, की दुसऱ्यांदा मागायची नसते. काका म्हणाला, "जप तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकानं अंगणातलं गवत कापायच्या यंत्राला पोरांची ढकलगाडी बांधली, तीत पेंडीचं एक पोतं ठेवलं आणि कुरणाकडे निघाला. पहिली टेकडी चढला. दुसऱ्या टेकडीवर यंत्र मागे मागे यायला लागलं आणि काका, यंत्र, ढकलगाडी व पोतं असे पुन्हा अंगणात आले, पण उलट्या क्रमानं. कुंपणापाशी गाई उभ्या होत्या. गाईंच्या चेहऱ्यावर भाव नसतो म्हणतात. त्या दिवशी होता.

"तुझी गाडी घेऊ?" काकानं काकूला विचारलं.

"ती चर्चला जायची आहे."

"म्हणजे तीही गाडी नाही."

"माझ्या गाडीचं नंतर बोलू. दुर्बीण घे आणि बघ."

काकानं दुर्बिणीतून बघितलं. एक पहिलारू, पहिल्यांदाच विणारी गाय कळपापासून लांब, एकटीच आडवी झाली होती. पश्चिमेकडे आभाळ शिशासारखं झालं होतं. बर्फात पडलेलं ओलं वासरू फार वेळ तग धरत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो शेडचं दार उघडून पिकअपपुढे उभा राहिला. वेळ जात होता, म्हणून मी हौदा उघडला आणि पेंडीचं पहिलं पोतं आत टाकलं.

काकानं ते पोतं उचललं आणि पुन्हा ठेवलं, हळू.

"बाकीची टाक," तो म्हणाला. "मी आलोच."

तो आला तेव्हा त्याच्या हातात काकूची गोधडी होती. या गोधडीला जिल्ह्याच्या जत्रेत पहिलं बक्षीस होतं आणि तेव्हापासून ती डांबरगोळ्यांसकट पेटीत होती. काकानं ती बॉनेटवरून दोन्ही बाजूंना सोडली आणि गठ्ठे बांधायच्या सुतळीनं आवळली.

मागून काकूचा आवाज आला. "ती पांघरायची नाही."

"चौकोनी आहे," काका म्हणाला. "आत कापूस आहे."

"वर्लिन."

"मग काय आहे ती?"

काकूनं आभाळाकडे बघितलं. पहिला बर्फ पडायला लागला होता. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. "चल," म्हणाली. "भांडू येताना."

कुरणात पोचलो. गोधडी पांघरलेलं काहीतरी टेकडीवरून आपल्याकडे येतंय, हे बघून सगळा कळप पळाला. वादळ अंगावर येत असताना आम्ही गाईंना पेंड द्यायला निघालो होतो आणि गाई आमच्यापासून जीव वाचवत होत्या. गोधडी सोडावी लागली. तरी त्या लांबच. त्यांना रोजच्या गाडीचा हॉर्न कळायचा, ही कोण हे ठाऊक नव्हतं.

"हॉर्न वाजव," काकू म्हणाली.

"मिरवणुकीचा आहे तो."

"वर्लिन."

काकानं हॉर्न दाबला. तो हॉर्न म्हणजे सर्दी झालेल्या पाद्र्यानं मोठ्यानं आमेन म्हणावं तसा. गाई थांबल्या. मी पोतं फोडून पेंड ओतली. काकानं पुन्हा दाबला. पेंड आणि तो आवाज यांचं नातं गाईंच्या डोक्यात जुळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्या आल्या. खाल्लं, आणि उरलेल्या वेळात पिकअप चाटली. पुढून चाटली, मागून चाटली. एकीनं उजव्या आरशाला पाठ लावली आणि समाधानानं डोळे मिटले. काकानंही मिटले.

पहिलारू व्याली होती, पण वासराला हुंगून ती सरळ पेंडीकडे निघून गेली. वासरू बर्फात थरथरत होतं. काकानं ते उचललं आणि पिकअपच्या दारापाशी येऊन थांबला. सीट मूळची होती, कंपनीतून आली तशी. काकू गोधडी घेऊन उभी होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आधी कोण नमतं म्हणून.

मला वाटतं काकू नमली, पण केसभर फरकानं. तिनं गोधडी पसरली, काकानं वासरू त्यात घातलं आणि सगळं गाठोडं सीटवर ठेवलं. हीटरची ऊब लागताच वासरानं आयुष्यातलं पहिलं काम तिथेच उरकलं. गोधडीतून ते सीटवर झिरपलं.

काकानं टोपी काढली.

"वडील हौद्याचं म्हणाले होते," शेवटी काका म्हणाला. "सीटचं काही म्हणाले नव्हते."

येताना भांडायचं राहून गेलं.

कामाची पिकअप पुन्हा उठली नाही. हिरवीच रोज जायला लागली. पहिल्या आठवड्यात काका रोज धुवायचा, दुसऱ्या आठवड्यात रविवारी, मग पाऊस पडला आणि तो म्हणाला, झाली की धुवून. जूनमध्ये कळप उन्हाळी कुरणात नेला. ते कुरण गावाला लागून आहे, मिरवणूक जिथून निघते त्याच रस्त्याकडेला.

चार जुलैला ग्लेंडननं हिरव्या पिकअपवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, मग रुमाल शोधला. "वर्लिन, हिला काय झालं?"

"कामाला लागली."

डचची निळी पुढे गेली. प्लास्टिक त्यानं तिथेच सगळ्यांसमोर, सावकाश काढलं. "वाईट वाटतं रे," तो काकाला म्हणाला.

काकानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, त्यावरून मला कळलं की मनाला लागलं. वडिलांच्या वेळेपासूनची जागा. मी काकाशेजारी बसलो, काकू मागे खुर्चीवर, मांडीवर गोळ्यांची बादली.

मिरवणूक निघताना बंबाचा भोंगा होतो आणि त्याला जोडून सगळ्यांनी हॉर्न द्यायचा, अशी रीत आहे. भोंगा झाला. सगळ्यांनी दिला. काकानंही दिला.

कुंपणापलीकडे सगळा कळप एकदम मान वर करून बघायला लागला.

"काका," मी म्हणालो, "तू काय केलंस माहितीये का?"

त्याला माहीत होतं. कुंपण होतं, आणि मग नव्हतं. गाई रस्त्यावर आल्या, वासरांसकट, आणि हिरव्या पिकअपमागे रांगेत चालायला लागल्या. मागची शाळेची बँड पार्टी वाजवत वाजवत बाजूच्या खड्ड्यात उतरली. लोकांना वाटलं कार्यक्रमातच आहे. ते टाळ्या वाजवायला लागले. काकू गोळ्या उधळत होती. गोळ्या संपल्यावर तिनं हौद्यात पाहिलं, तिथे पेंडीचं अर्धं पोतं होतं. ती पेंड उधळायला लागली. काही पोरांनी तीही खिशात घातली.

त्यातली एक मूठ वाऱ्यानं पुढे गेली आणि डचच्या हौद्यात पडली.

त्या निळ्या पिकअपचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की गाई दोन्ही बाजूंनी पुढे गेल्या आणि बँकेच्या कोपऱ्यापर्यंत डच दिसत नव्हता, फक्त त्याची टोपी दिसत होती. मग टोपीही एकीनं घेतली. वाट काढत काका त्याच्या शेजारी आला, काच खाली केली.

"डच, कामाची बरी आहे का आता?"

"बरी आहे," गाईंमधून आवाज आला.

"ही आजारी दिसते."

काकानं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, आमच्याकडे रस्त्यात समोरून येणाऱ्या सगळ्यांना ओळख द्यायला करतात तसं, आणि पुढे गेला. पुढे कुणीच नव्हतं. म्हणजे पहिली जागा त्याचीच झाली, पण त्यानं तसं काही दाखवलं नाही. फक्त पुढच्या चौकात गरज नसताना आणखी एकदा हॉर्न दिला.

हिरवीला परत शेडमध्ये ठेवायचं का, यावर घरात चर्चा झाली नाही. शेडमध्ये आता ते वासरू असतं. काकू त्याला बाटलीनं दूध पाजते. गोधडी त्याच्याकडेच आहे, आणि ती कुणी मागितली तर ते देत नाही.