बिनसुईची बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. दचकू नका, माझ्यात गोळी नाही की दारू नाही. मी त्वचेच्या डॉक्टरांच्या कामाची. मुरुमे येऊन गेल्यावर गालांवर खड्डे राहतात ना, त्यांच्याखाली पाणी धरून ठेवणारे औषधी जेल सोडायचे, हे माझे काम. तेही सुई न टोचता. जेल माझ्या पोटात भरतात आणि घोडा दाबतात. मग ते माझ्या टोकाच्या केसाएवढ्या भोकातून इतक्या जोरात सुटते की कातडी भेदून आत शिरते. 'टक्' असा आवाज होतो, बस्स.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे सगळे डोक्याला टोप्या आणि हातांना मोजे घालून वावरत. माझी पहिली परीक्षा जेलीच्या एका थरथरत्या वडीवर झाली. तपासनीस बाईंनी घोडा दाबला, तसा वडीच्या पोटात छोटासा ढग पसरला. त्या शेजारणीला म्हणाल्या, "दिसायला खेळणं आहे, पण हिला आपलं-परकं कळत नाही बरं का. जे भराल ते आत सोडेल." मला तेव्हा ती शाबासकी वाटली. वेडीच होते मी.

पुढे मी ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्या भारी शिस्तीच्या. प्रत्येक चेहऱ्यासाठी बंद पाकिटातले नवे टोक. जेलची कुपी त्या रुग्णासमोरच फोडत. गालावर पिकलेली मुरुमे घेऊन कुणी आले, तर त्याला सरळ औषध देऊन घरी पाठवत. "आधी आग विझू दे, मग भिंत लिंपू," असे म्हणत. कुणी फारच हट्ट केला तर म्हणत, "चेहरा तुमचा असला, तरी हात माझा आहे."

एकदा एक गाण्याचे मास्तर आले. त्यांची मोठी बहीण सोबत होती. मास्तरांचे गाल तरुणपणीच्या मुरुमांनी पार चाळणी झालेले, आणि सुईची भीती तर अशी की नुसते नाव काढले तरी घाम फुटे.

"सुई बघितली की याला घेरी येते," बहीण म्हणाली. "मला बघून येत नाही, हेच माझं नशीब."

"डॉक्टर, खरंच सुई नाही ना? आत कुठे लपवली असेल तर आत्ताच सांगा," मास्तर म्हणाले.

"घ्या, शोधा," म्हणून बाईंनी मला त्यांच्या हातात दिले. त्यांचा तळवा गार पडला होता. 'टक्' झाले तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट आवळले. डोळे मिटूनच त्यांनी विचारले, "झालं?"

"एक झालं. अजून पुष्कळ आहेत."

असे ते बरेचदा आले. खड्डे काही पुरते बुजले नाहीत. बाईंनी तसे आधीच सांगितले होते. पण ते उथळ झाले, कडा मऊ झाल्या. मास्तर आरशासमोरून हलेनात. शेवटी बहीण म्हणाली, "सोड आता तो आरसा. जगात इतरांनाही तोंडं आहेत!" त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही मनातल्या मनात खूप हसले.

मग नवे, चकचकीत यंत्र आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. डॉक्टरीणबाई म्हातारपणी काम थांबवून निघून गेल्या. जुनी यंत्रे विकणाऱ्या एका माणसाने सामानाबरोबर मलाही उचलले. माझ्यासोबत दोनच टोके उरली होती. जेल नव्हते, आणि माझ्याबद्दल चार शब्द सांगणारेही कुणी नव्हते.

मी पोचले ती एका छोट्या ब्युटी पार्लरमध्ये. दोन खुर्च्या, एक टेबलफॅन, मेणाचा आणि केसांच्या रंगाचा वास. मालकिणीला सगळे वहिनी म्हणत, कारण मदतीला असलेली तिची नणंद तिला तशी हाक मारी. वहिनी मनाने वाईट मुळीच नव्हती. तिचा हात इतका हलका की भुवया कोरताना गिऱ्हाइकाला डुलकी लागायची. पण तिच्या स्वतःच्या गालांवर खड्डे होते. कळायला लागल्यापासून ती ते रोज पावडरीखाली झाकत आली होती. ज्याला जिथे दुखते, तिथेच तो घाई करतो, मित्रांनो.

तिने बाजारातून खड्डे घालवणाऱ्या पाण्याची एक सुंदरशी बाटली आणली. नणंदेने ती उलटसुलट करून पाहिली. "वहिनी, यावर तर 'वरून लावा' असं लिहिलंय."

"अगं, वरून लावून एवढा गुण येतो, तर आतून किती येईल!"

माझ्या अंगावर काटा येऊ शकला असता, तर तेव्हा आला असता. त्या बाटलीतले पाणी कातडीच्या आत जायच्या लायकीचे नव्हते. त्यात जंतू नसतील याची कुणी हमी दिलेली नव्हती. वहिनीने ते पाणी माझ्या पोटात ओतले, आणि मला ओरडता येईना.

"आधी कुणावर करून बघायचं?" नणंदेने घाबरत विचारले.

"माझ्यावरच. लोकांच्या लेकींवर प्रयोग करू का?"

आरशात बघून तिने मला आपल्या गालावर टेकवले. टक्. टक्. टक्. टपोरे फोड उठले. "हे असंच असतं, उतरेल," ती म्हणाली. फोड उतरले, आणि ती खूश झाली. तिने एका मुलीला वेळही देऊन टाकली. पण दुसऱ्या दिवशी ती सारखी गालाला हात लावत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तोंडावर मास्क लावूनच आली. नणंदेला म्हणाली, "सर्दी झालीय." ती शिंकली मात्र एकदाही नाही.

त्याच दुपारी ती मुलगी आली. ती बालवाडीत शिकवायची. गालांवर खड्डे, आणि डोळे कसे हसरे. खुर्चीत बसता बसता ती म्हणाली, "माझी पोरं रोज विचारतात, बाई, तुमच्या गालाला कुणी टोचलं? मी सांगते, मुरुमं राहायला आली होती, जाताना घर नीट आवरलं नाही त्यांनी." सगळ्या हसल्या. मग ती हळूच म्हणाली, "पण घरी गेल्यावर कधी कधी रडू येतं हो."

"दुखणार नाही," वहिनी म्हणाली. मास्कमागून तिचा आवाज जड येत होता.

"सुईच नाही म्हटल्यावर मी कशाला भिऊ?"

मी मात्र भीतीने गारठले होते. माझ्या पोटात त्याच बाटलीतले पाणी होते. माझे टोकही तेच होते, कापसाने पुसलेले. वहिनीने त्या मुलीच्या डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवले आणि गालाला बधिर करणारे मलम लावले. थोड्या वेळाने मलम पुसून तिने मला उचलले. तिची बोटे तापली होती. माझ्या आत दाब भरत गेला. दाब भरला की मला थांबता येत नाही, मित्रांनो. थांबणे माझ्या हातात नसते, ते धरणाऱ्याच्या हातात असते.

माझे टोक त्या कोवळ्या गालाला लागले.

"वहिनी," नणंद एकदम म्हणाली, "तुमचा डोळा मिटत चाललाय."

"गप्प बस."

"लाली मास्कच्या वर आलीय, वहिनी. बघा तरी आरशात!"

"काय झालं?" मुलीने बोळ्यांखालूनच विचारले.

वहिनीने मान वळवून आरशात पाहिले. बोट घोड्यावरच होते, आणि त्याच्या एका दाबावर सगळे लटकलेले होते. त्या क्षणाइतकी भीती मी आयुष्यात कधी अनुभवली नाही. मग माझे टोक गालापासून बाजूला झाले. वहिनीने मला टॉवेलच्या घडीत खुपसले आणि घोडा दाबला. टक्. सगळे पाणी टॉवेलात गेले.

"बाई, उठा," ती म्हणाली. तिने मुलीच्या डोळ्यांवरचे बोळे काढले आणि स्वतःचा मास्क खाली ओढला. गाल लालबुंद, तकतकीत सुजलेला होता, आणि मधोमध पिवळे तोंड धरले होते. "हे मी माझं केलंय. तुमचंही करणार होते."

मुलगी किंचाळेल असे मला वाटले. ती उठली, पर्स खांद्याला अडकवली आणि वहिनीचा दंड धरला. "आधी दवाखान्यात चला. रागवायचं नंतर बघू."

त्या गेल्या. मी टॉवेलवर तशीच पडून राहिले. पार्लर बंदच होते. वहिनीचा डोळा वाचला की गेला, ती आहे की नाही, मला काहीच कळत नव्हते. पंख्याची पाती वाऱ्याने हलली तरी मी दचके.

बऱ्याच दिवसांनी दार उघडले. नणंद आली, आणि तिच्यामागून वहिनी. दोन्ही डोळे उघडे! मला हायसे वाटले. त्यांच्या बोलण्यातून मला सारे कळले. कातडीखाली जंतू शिरले होते. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, सलाईन लावले. अजून एक दिवस घरी काढला असता तर डोळ्यावर बेतले असते, असे ते म्हणाले. जुन्या खड्ड्यांच्या शेजारी आता एक नवा, खोल खड्डा होता. वहिनीने त्यावर पावडर लावली नव्हती.

तेवढ्यात जुनी यंत्रे विकणारा तो माणूस आला. "ऐकलं ते वाईट झालं," तो म्हणाला. "मशीन परत घेतो मी. पलीकडच्या रस्त्यावर एकीला हवंच आहे."

"तिला हिच्याबद्दल काय सांगाल?" वहिनीने विचारले.

"सांगायचं काय? सुई नाही, दुखत नाही."

वहिनीने मला उचलले. तिने माझा प्लग काढला, वायरीची दोन वेटोळी बोटांभोवती घेतली आणि केस कापायची कात्री उचलली. कच्च. मग घोड्याची कळ पकडीने मोडली. तो माणूस बघतच राहिला.

मित्रांनो, मोडताना वस्तूला दुःख होते असे म्हणतात. मला तसे काही झाले नाही. माझी भीती तिथेच संपली.

आता मी मोडक्या सामानाच्या खोक्यात आहे, आणि तुमच्याशी बोलते आहे. तुमच्यापैकी कुणाला पुढे मुरुमे येतील, कुणाच्या गालावर खड्डे राहतील. ते उथळ करणारी माझ्यासारखी यंत्रे आहेत, चांगले डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे खुशाल जा. पण 'सुई नाही' एवढे ऐकून डोळे मिटू नका. टोक नवे आहे का, कुपी समोर फोडली का, धरणारा हात शिकलेला आहे का, हे विचारा. विचारायला लाजू नका. आमच्यासारख्यांना ऐन वेळी बोलता येत नाही, तुम्हाला येते.