चार बोटं वर

तात्या गेले तेव्हा त्यांची गाडी जमिनीपासून चार बोटं वर होती. ती तीन बोटांवर आणायचं ठरलं होतं, पण तात्यांच्या हृदयाने तेवढी सवड दिली नाही.

तात्या पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. गाडी मूळची भाजी आणायला घेतलेली, लाल, लहानशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुढे तात्यांना टायरवाल्याच्या आवारात रविवारी सकाळी जमणाऱ्या मंडळींची संगत लागली आणि भाजी पायी येऊ लागली. मंडळी म्हणजे दातांचे डॉक्टर, शाळेत गणित शिकवणारे सर, एक विमा एजंट आणि खुद्द टायरवाला. सगळे पन्नाशी ओलांडलेले, सगळ्यांच्या गाड्या जमिनीला कान लावून बसल्यासारख्या. बॉनेट उघडं टाकून ही माणसं त्याभोवती अशी उभी राहत, की येणाऱ्याजाणाऱ्याने आवाज आपसूक खाली आणावा.

पहिली गोष्ट म्हणजे वजन. गाडी हलकी हवी. तात्यांनी आधी मागचं सीट काढलं, मग गालिचा, मग एसी, मग रेडिओ, मग स्टेपनी. गाडीचं जेवढं उतरलं तेवढं हळूहळू तात्यांच्या अंगावर चढलं, पण त्याचा हिशेब मंडळींपैकी कुणी केला नाही. बॉनेट हलकं करण्यावर तीन रविवार चर्चा झाली. रात्रीचा भात कमी करण्यावर एकही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उंची. सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, कापून गाडी जेवढी खाली आणावी तेवढी ती वळणावर चिकटून पळते. पळायला मात्र रस्ता लागतो, आणि तात्यांच्या घरापासून कुठेही जायचं तरी वाटेत स्पीडब्रेकर होते. तिथे गाडीचं पोट घासायचं. म्हणून एक रीत पडली. स्पीडब्रेकर आला की तात्या गाडी थांबवत आणि बायकोला म्हणत, “उतर गं.”

वहिनी उतरत. सगळं शहर त्यांना वहिनीच म्हणे. उतरणं सोपं नव्हतं, कारण पुढचं सीट रेसिंगचं, पाळण्यासारखं खोल, आणि त्याला चार पट्टे. वहिनींचा उजवा गुडघा आधीच बोलका. त्या टपावर हात टेकून बाहेर येत, स्पीडब्रेकर पायी ओलांडत आणि पलीकडे पर्स धरून उभ्या राहत. तात्या गाडी तिरकी घालून मुंगीच्या पावलांनी आणत. मग खाली उतरून, वाकून गाडीच्या पोटाखाली बघत आणि म्हणत, “लागली नाही.” वहिनी परत बसत. एकदा एका ट्रॅफिक हवालदाराने त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं होतं, “ताई, हे तुम्हाला असे वारंवार खाली उतरवतात. काही त्रास आहे का घरात?”

“त्रास नाही हो,” वहिनी म्हणाल्या, “सस्पेन्शन आहे.”

तात्यांना न्यायच्या दिवशी वहिनींनी एकच गोष्ट मागितली. शववाहिनीच्या पुढे तात्यांची लाल गाडी चालावी आणि आपण तिच्यात बसावं. मंडळींचे डोळे भरून आले. धाकट्या दिराने चावी घेतली. वाटेतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याने मान खाली घालून “वहिनी...” एवढंच म्हटलं आणि वहिनी उतरत गेल्या. मागे तात्या थांबत होते. त्यांच्या मागे मंडळींच्या गाड्या एकामागून एक तिरक्या होत होत्या.

स्मशानाच्या फाटकात मात्र दोन दगडी खांब होते आणि बरोबर त्यांच्या मधोमध एक स्पीडब्रेकर, नवा, उंच, पिवळाकाळा. गाडी तिरकी घालायला जागाच नव्हती. मंडळी आपापल्या गाड्या बाहेर लावून पुढे आली.

“वहिनी,” दीर म्हणाला.

वहिनी हलल्या नाहीत.

“वहिनी, जरा उतरता का?”

“नाही, भावजी.”

दिराला वाटलं पट्टा अडकला. तो सोडवायला वाकला, तर वहिनींनी पट्ट्यावर हात ठेवला. “आजवर उतरले. ह्या फाटकातून मी त्यांच्याबरोबर बसून आत जाणार. ते मागे आडवे झालेत, त्यांना कुणी उतर म्हणतंय का?”

मंडळी बाजूला जमली. सरांनी गुडघे टेकून एक डोळा मिटला आणि स्पीडब्रेकर पाहिला. “वहिनी उतरल्या तर अर्ध्या बोटाचा फरक पडेल. म्हणजे जेमतेम निघेल. बसल्या तर लिप गेली.”

लिप म्हणजे बंपरच्या खाली ओठासारखी लावलेली काळी पट्टी. तिने वारा कापला जातो म्हणतात. तात्यांनी ती परदेशातून मागवून, कित्येक महिने वाट पाहून, स्वतःच्या हाताने बसवली होती.

“फळ्या कुठायत?” विमा एजंटाने विचारलं. “तात्या डिकीत फळ्या ठेवायचे ना, अशा वेळी चाकाखाली घालायला?”

“काढल्या,” टायरवाला म्हणाला. “वजनासाठी.”

सगळ्यांनी हळूच मान हलवली. निर्णय बरोबरच होता.

शेवटी डॉक्टर खिडकीशी गेले. दाढ काढायच्या आधी काढतात तो आवाज त्यांनी काढला. “वहिनी, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण ती लिप तात्यांची शेवटची आठवण आहे हो.”

“मग मी कोण आहे, डॉक्टर?”

डॉक्टर परत आले. त्यांनी चष्मा काढून पुसला, खरं तर तो स्वच्छ होता. मागे शववाहिनीच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात नेला आणि काय वाटलं कोण जाणे, परत घेतला.

“उचलू,” टायरवाला म्हणाला.

“काय?”

“गाडी. वहिनींसकट.”

डॉक्टरांनी कोट काढून खांबावर टांगला. शववाहिनीतून दोन भाचे उतरले. दिराने गिअर काढला आणि तोही खाली आला. “वहिनी, एवढं स्टिअरिंग सरळ धरा,” तो म्हणाला. वहिनींनी बाजूला झुकून एक हात चाकावर ठेवला. त्या चाकाला त्यांचा हात कधी लागला नव्हता. तात्या स्वतः ते मऊ फडक्याने धरून पुसायचे.

मग मंडळींनी खांदे लावले. आधी नाक, मग पोट, मग शेपूट. फक्त श्वास ऐकू येत होते. वहिनी समोर बघत ताठ बसल्या होत्या आणि गाडी पिवळ्याकाळ्या पट्ट्यांवरून तरंगत आत गेली.

“मागचं सीट काढलं होतं म्हणून जमलं,” सर धापा टाकत म्हणाले.

यावर कुणी हसलं नाही. मुद्दा पटण्यासारखा होता. इतक्या वर्षांत वजन कमी केल्याचा उपयोग पहिल्यांदाच झाला होता.

थोड्या वेळाने त्याच हातांनी तात्यांना उचललं. तात्या गाडीपेक्षा जड लागले, असं टायरवाला पुढे बरेच दिवस सांगत होता. त्यात चेष्टा नव्हती.

सगळं आटोपून वहिनी आणि दीर गाडीने परत फाटकाशी आले, तेव्हा मंडळी आधीच पुढे जाऊन बाह्या सरसावून उभी होती. सरांनी कोण कुठे धरणार हे ठरवूनही ठेवलं होतं. गाडी थांबली. दिराने गिअर काढला.

वहिनींनी एकेक करून चारही पट्टे सोडले, टपावर हात टेकला आणि पाय बाहेर काढला.

“वहिनी, बसा तुम्ही! आम्ही उचलतोय ना,” डॉक्टर म्हणाले.

“नको. जाताना ते बरोबर होते,” वहिनी म्हणाल्या.

त्या पायी स्पीडब्रेकर ओलांडून पलीकडे गेल्या आणि पर्स धरून उभ्या राहिल्या. मंडळींचे हात रिकामे राहिले. दिराने गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे घेतली. सरांचं गणित अर्ध्या बोटाने चुकलं होतं. खालून खर्रकन आवाज आला.

सगळी मंडळी एकदम वाकली आणि गाडीखाली बघू लागली. डॉक्टर सर्वांत पुढे होते. लिपचा बोटभर तुकडा रस्त्यावर पडला होता.

“लागली का?” वरून वहिनींनी विचारलं.

डॉक्टरांनी तो तुकडा मुठीत घेतला. बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

“लागली नाही,” डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी मान हलवली आणि त्या गाडीत बसल्या.