थॉर्लीसाहेबाला कापूस कोणी शिकवला

अमिताने ‘रायटर’ या शब्दाचं भाषांतर ‘लेखक’ असं केलं आणि थॉर्लीसाहेबाची गाडी पहिल्याच ओळीत रुळावरून घसरली.

अमिता सौंसरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि संध्याकाळी पांढुर्ण्याला घरी आली की भाषांतराची कामं करायची. या खेपेचं काम पुण्याच्या एका खाजगी संग्रहालयाचं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी एका इंग्रज व्यापारी कंपनीचा एडमंड थॉर्ली नावाचा गव्हर्नर पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात होऊन गेला. त्याच्या तसबिरीखाली लावायला मराठीत दीडशे शब्द हवे होते. त्यासाठी संग्रहालयाच्या स्मिता मॅडमनी इंग्रजीतली आठ पानं पाठवली होती.

“लेखक होता, तर मंग पुस्तक कोणतं लिहिलं त्यानं?” प्रभाकररावांनी विचारलं. तिचे हे सासरे कापूस मंडीत तीस वर्षं कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. निवृत्त झाल्यापासून सून काय वाचते इकडे त्यांचा एक कान असायचाच.

अमिताने पुढचं पान पाहिलं आणि जीभ चावली. “पुस्तक नाही, मामाजी. रायटर म्हणजे कंपनीचा कारकून. सतराव्या वर्षी जहाजातून उतरला आणि पत्रांच्या नकला काढायला बसला.”

“अन् थेट गव्हर्नर?”

“थेट नाही. आधी फॅक्टर, म्हणजे खरेदी-विक्री बघणारा, मग ज्युनियर मर्चंट, मग सीनियर. मग कौन्सिलात. एकतीस वर्षं लागली.” तिने बोट खाली नेलं. “पण पहिली बढती कशी मिळाली पाहा. गोदामातल्या रुईच्या गाठी वरून चांगल्या दिसत होत्या, यानं आत हात घातला आणि मधली रुई ओलसर अन् आखूड धाग्याची निघाली. वरिष्ठांनी लिहिलंय, ‘या पोराला अंगठा आहे.’ आता याचं मराठी काय करू?”

प्रभाकरराव उठले. शेजारून मूठभर कापूस आणला, सरकी काढली आणि चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढली. पुन्हा जुळवली, पुन्हा ओढली. चार-पाच वेळा झाल्यावर सगळे धागे अंगठ्याच्या नखावर कंगव्याने विंचरल्यासारखे सरळ झोपले.

“हा अंगठा. धागा किती लांब, किती मजबूत, एवढ्यात समजते. मले शिकायले दोन हंगाम लागले, अन् माह्या बाजूले जुने ग्रेडर उत्तमराव बसून होते रोज. वाचून येत नाही हे.” ते थांबले. “या साहेबाच्या देशात कापूस पिकते का?”

“नाही. थंडी असते तिकडे.”

“मंग याले शिकवलं कोणं?”

आठ पानं दोनदा चाळली तरी उत्तर सापडलं नाही. तिथे एकच लिहिलं होतं, ‘थॉर्ली यांची पद्धत’. सकाळी सौंसरच्या बसमध्येही अमिताच्या डोक्यात तोच प्रश्न होता. मधल्या सुट्टीत तिने स्मिता मॅडमना फोन लावला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, “हे आम्ही कधी विचारलंच नाही हो. त्याच्या पत्रांच्या नकला आहेत आमच्याकडे. बघते.”

तीन दिवसांनी चार कागदांचे फोटो आले. जेवण झाल्यावर अमिता मोठ्याने सांगू लागली.

पहिला कागद म्हणजे कारकून थॉर्लीने बहिणीला लिहिलेलं पत्र. ‘गोदामात चिंडू नावाचा माणूस आहे. मला रोज रुई ओढायला लावतो आणि चुकलो की हसतो.’

“चिंधू असंन तो,” प्रभाकरराव पुढे सरकले. “गोऱ्याले ध म्हणता आला नसंन.”

त्यानंतर कित्येक वर्षं चिंधूचं नाव कुठेच नव्हतं. दुसरा कागद गव्हर्नर झाल्यावरच्या पहिल्याच महिन्यातला, हुकूम होता. गोदामातली म्हातारी माणसं कामावरून कमी करायची. यादीत नऊ नावं, सातवं चिंडू. खाली थॉर्लीची सही.

प्रभाकररावांनी फोटो जवळ ओढला. सही करताना त्याने नावं वाचली असतील का, हे तिला त्या सहीकडे बघून ओळखता येत नव्हतं.

“तिसरा अकरा दिवसांनंतरचा आहे,” ती म्हणाली. “चिंडूला शोधून परत आणा, असं लिहिलंय. स्वतःच्या हातानं.”

“मंग?”

“चौथ्यात गोदामाची उत्तरं आहेत. तो गावी गेला. गाव कोणतं ते कंपनीनं कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. ‘आतल्या कापसाच्या मुलखातला’, एवढंच माहीत. साहेबानं नंतर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर. पुढल्या वर्षी तो विलायतेला परत गेला.”

“आतला मुलूख म्हणजे इकडलाच. चिंधू नाव आपल्याच भागातलं हाय. तू लिहून टाक, पांढुर्ण्याकडचा म्हणून.”

“मामाजी, पुरावा कुठे आहे? असे चिंधू दहा जिल्ह्यांत सापडतील.”

ते जरा खट्टू झाले, पण हट्ट धरला नाही. “नाव तरी टाकशीन?”

जागा दीडशे शब्दांचीच होती. अमिताने थॉर्लीच्या पदव्या काढल्या, मेजवानीला आलेल्या नवाबाचं वाक्य काढलं. तिथे चिंधू बसला: कापूस शिकवणारा, मग यादीतला सातवा, मग न सापडलेला.

आठवड्याने स्मिता मॅडमचा फोन आला. “आमचे संचालक विचारतायत, गव्हर्नरच्या तसबिरीखाली हा चिंधू कशाला?”

“तो काढला तर कारकुनाचा गव्हर्नर कसा झाला ते सांगता येत नाही, मॅडम. तुम्हीच सांगून बघा त्यांना.”

“सांगून बघते,” म्हणून मॅडमनी फोन ठेवला. संध्याकाळी निरोप आला की मजकूर आहे तसाच छापायला गेला. सोबत पुढची पानं होती, त्याच कंपनीच्या एका जहाजाच्या कप्तानाची.

प्रभाकररावांनी खुर्ची ओढली. “हा सुरुवातीले काय होता?”

“आचारी,” अमिता म्हणाली.

“जहाजावर? वाच, वाच.”